सत्तावीस नंबर

गुदैबियाच्या त्या गल्लीत, जिथे एसीचं पाणी
वर्षभर माणसांच्या खांद्यावर ठिबकतं,
इसाक सरखोतची लॉन्ड्री आहे.
माझ्या प्रत्येक शर्टाच्या कॉलरीत, आतून,
न जाणाऱ्या शाईनं त्यानं लिहिलंय : २७.
एकोणीस वर्षं मी त्याच्याकडे सत्तावीस आहे.

पुस्तक त्याला मीच दिलं. फुकट.
म्हटलं, कादंबरी आहे हं, सगळं खरं नाही.
तो म्हणाला, बरं.

तीन आठवडे त्यानं काही काढलं नाही.
शर्ट घ्यायचा, खिसे उलटे करायचा.
सवयच त्याची, पाण्यात टाकण्याआधी खिसे बघायची.
कितीदा परत दिलेत त्यानं मला
सुटे फिल्स, डॉक्टरची चिठ्ठी,
एकदा एक अर्धं पत्र, घडी न मोडता.
(न मोडता, असं तो म्हणाला. मी मानलं.)

मग एका गुरुवारी, ईशाच्या नमाजानंतर,
इस्त्री उभी ठेवून म्हणाला :
पान एकशे बारा.

पान एकशे बारावर ‘मी’ विमानातून उतरतो,
रात्रभर टॅक्सीनं घाट ओलांडून गुहागरला पोचतो.
वडील अजून अंगणात असतात.
त्यांच्या तोंडात पाणी घालायला मिळतं ‘मी’ला.
पांढऱ्या शर्टात तो खांदा देतो.
त्या पानावर लोक रडलेत.
डोंबिवलीच्या एका बाईंनी कळवलं होतं :
तुम्ही पोचलात, फार बरं झालं.
मी उत्तर धाडलं : आभारी आहे.

इसाकनं गल्ल्याखालून जुनं पावतीबुक काढलं.
बोटाला थुंकी लावत पानं उलटली.
ऑगस्ट. सत्तावीस नंबर. पाच शर्ट, दोन पँट.
पांढरा त्यातच होता, म्हणाला. बाहीला हळदीचा डाग.
दोनदा घासला, गेला नाही.
शनिवारी तुम्ही स्वतः न्यायला आलात.

वाचका, मला वाटायचं मी तुला ओळखतो.
तू लांब कुठेतरी, पंख्याखाली,
चष्मा वर सरकवत बसलेला.
तुझ्यासाठी मी ‘मी’ला धुऊन, कांजी करून,
घडी घालून ठेवला होता.
तू काउंटरच्या पलीकडे
माझा डाग तोंडपाठ करून उभा असशील,
हे कुठं ठाऊक होतं.

बोललो मी काहीबाही.
पासपोर्ट कंपनीकडे होता.
रिफायनरीत शटडाऊन चालू होतं.
कादंबरीत थोडं असं करावं लागतं.

तो ऐकत होता. म्हणजे इस्त्री करत होता,
कुणाचा तरी शर्ट, एकेचाळीस नंबरचा.
मग म्हणाला, खोटं आहे म्हणून नाय काढलं मी.
माझी आई वारली तेव्हा मी पण हितंच होतो,
ह्याच टेबलाशी.
हॉटेलच्या चादरी होत्या त्या दिवशी. साठ.

तुमचं ते पान मी चारदा वाचलं.
चारही वेळा तुम्ही पोचलात.
पाचव्यांदा मी गाडीत बसलो,
तुमच्या मागच्या सीटवर.
महाडला तुम्ही चहाला उतरता ना,
तिथं मी उतरलो नाय. मला उशीर होत होता.

पण तुमची टॅक्सी सरळ गुहागरला जाते.
मला दाभोळ पायजे होतं.
मधे खाडी. पहाटे तर बंद असते वाफरी.
समोरचा दिवा दिसत होता मशिदीचा.
माती दिली असेल तोवर तिला.

एवढं बघा, म्हणाला,
दुसरी आवृत्ती निघाली तर.
आणि शर्ट मोजून दिले. पाच.

खोलीवर येऊन पान एकशे बारा उघडलं.
‘मी’ तिथं होता, खिडकीला डोकं टेकून,
अजून अंधार, अजून पोलादपूर यायचंय.
मागं वळून त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.
मी पेन्सिल घेतली आणि समासात,
ड्रायव्हरला ऐकू जाईल इतपत मोठ्या अक्षरात, लिहिलं :
खेडला उजवीकडे घे.